फॉरवर्ड करण्याआधी काय तपासायचं

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-ठाण्यातल्या कॉलेजच्या मुलामुलींच्या इनबॉक्समध्ये ई-प्रमाणपत्रांचा ढीग जमला. ‘करोना जनजागृती प्रश्नमंजूषा’ अशा नावाचा गूगल फॉर्म यायचा, पर्याय निवडायचे, ठरावीक गुण मिळाले की नाव छापलेलं रंगीत प्रमाणपत्र ईमेलवर. विषाणूचं शास्त्रीय नाव काय, पहिला रुग्ण कोणत्या शहरात सापडला, हात किती सेकंद धुवायचे, असे प्रश्न. वर्षभराने दुसरी लाट आली तेव्हा याच मुलांना घरातून विचारले गेलेले प्रश्न वेगळेच होते. बाबांचा ऑक्सिजन ९१ दिसतोय, तो खरा की यंत्राची चूक? बेडसाठी रुग्णालयात फोन लावायचा की वॉर्डाच्या वॉर रूमला? ‘रेमडेसिविर मिळेल’ म्हणणाऱ्या नंबरवर आगाऊ पैसे पाठवायचे का? आजी हुंगतेय त्या कापराच्या पुरचुंडीने खरंच काही होतं का?

मुंबईतल्या बहुतेक घरांत अशा वेळी फोन कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात दिला जातो. इंग्रजी परिपत्रक तीच वाचते, लसीच्या नोंदणीच्या कोविन संकेतस्थळावर स्लॉट तोच पकडायचा, रिपोर्टमधला आकडाही त्यांनाच विचारला जातो. ‘त्याला फोनमधलं सगळं कळतं’ असा घरच्यांचा विश्वास असतो आणि घोळ तिथेच होतो. फोन सफाईने चालवणाऱ्याला आरोग्याची माहितीही पारखता येते असं आपण गृहीत धरतो. फोन सरावाने येतो, पारख शिकवावी लागते. आणि आपल्याकडे ती शिकवली जात नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आरोग्यविषयक डिजिटल साक्षरता मोजण्यासाठी रोझाली व्हान डेर व्हार्ट आणि कॉन्स्टन्स ड्रोसार्ट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात सात कौशल्यं धरली आहेत: साधन चालवणं, संकेतस्थळावर वाट न चुकता फिरणं, नेमकं शोधणं, माहिती विश्वासार्ह आहे का ते ठरवणं, ती आपल्या बाबतीत लागू पडते का ते ठरवणं, स्वतः लिहिणं-पोस्ट करणं, आणि आपली व दुसऱ्याची खासगी माहिती जपणं. करोनाकाळात हीच प्रश्नावली थोडी बदलून अनेक देशांतल्या विद्यापीठांत वापरली गेली. जर्मनीत २०२० मध्ये १४,९१६ विद्यार्थी त्या पाहणीत होते. माहितीची विश्वासार्हता ठरवणं अवघड जातं, असं सुमारे ४२ टक्क्यांनी सांगितलं. माहितीमागे कुणाचा धंदा दडलाय का हे ओळखणं सुमारे ३९ टक्क्यांना जड गेलं. ही मुलांनी स्वतःबद्दल दिलेली उत्तरं आहेत, हेही ध्यानात घ्यायला हवं. आपण फसतोय हे ज्याला कळत नाही, तो बिनधास्त ‘सोपं जातं’वर खूण करतो. म्हणून विचारण्यापेक्षा काम देऊन पाहिलेलं बरं.

कॉलेजात त्याला एनएसएसचा एक तास पुरतो. तीन मजकूर द्यायचे: एक आजचं खरं परिपत्रक, एक खरं पण जुनं परिपत्रक, आणि एक बनावट संदेश. फोन वापरायची पूर्ण मुभा. प्रत्येक मजकुरासाठी चार गोष्टी लिहून घ्यायच्या: मूळ कुठे सापडलं, त्यावर तारीख कोणती, आज ते लागू आहे का, आणि घरी दोन वाक्यांत सांगायचं तर काय सांगाल. गुण उत्तराला कमी, तिथवर कसे पोचलात त्याला जास्त. खरी कसोटी मधल्या मजकुराची असते, कारण ‘हे खरं आहे’ एवढं सापडलं की शोध थांबतो. अंतिम वर्षाच्या परीक्षांचंच घ्या. जून २०२० मध्ये राज्य सरकारने त्या न घेण्याचा निर्णय जाहीर केला, जुलैत यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबरअखेर घ्यायला सांगितल्या, आणि २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही असं ठरवलं. जूनमधल्या बातमीचा स्क्रीनशॉट सप्टेंबरात पाठवणारा खोटं बोलत नव्हता, तरी तो वाचणारा फसत होता. औषधांचंही तेच. रेमडेसिविरबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये ‘वापरू नये’ असा सल्ला दिला आणि एप्रिल २०२२ मध्ये, आजार गंभीर नसलेल्या पण धोका जास्त असलेल्या रुग्णांसाठी, तो बदलला. प्लाझ्मा उपचार आयसीएमआरने मे २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकला. तारीख नसलेला वैद्यकीय सल्ला म्हणूनच कुणाच्या कामाचा नसतो.

एक संदेश, नीट वाचून

मार्च २०२० मध्ये युनिसेफच्या नावाने एक संदेश फिरला. तो आपला नाही असं युनिसेफने जाहीर केलं, तरी तो फिरतच राहिला. दावे असे: विषाणू आकाराने मोठा, ४०० ते ५०० ‘मायक्रो’चा असतो, म्हणून कोणताही मास्क त्याला अडवतो. २६-२७ अंश तापमानात तो मरतो. गरम पाणी प्या, उन्हात बसा, आइस्क्रीम टाळा.

आधी एकक पाहा. ‘मायक्रो’ म्हणजे काय ते लिहिलेलंच नाही. मायक्रोमीटर धरलं तर ५०० म्हणजे अर्धा मिलिमीटर. एवढा विषाणू रव्याच्या कणासारखा डोळ्यांनी दिसला असता. करोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रोमीटरचा आहे, म्हणजे दाव्याच्या चार-पाच हजार पटींनी लहान. आता तापमान. माणसाचं शरीर ३७ अंशांवर असतं, मग २६ अंशांना मरणारा विषाणू घशात जगला कसा? मुंबईत मार्चच्या दुपारी पारा ३० च्या वर असतो, आणि शहरातले पहिले रुग्ण त्याच मार्चच्या ११ तारखेला सापडले. या दोन तपासण्यांना इंटरनेट लागलं नाही, दहावीचं विज्ञान पुरलं.

संदेशाची बांधणीही पाहण्यासारखी आहे. वर मोठ्या संस्थेचं नाव, पण दुवा नाही, तारीख नाही. मधे एक-दोन रास्त सल्ले, उदाहरणार्थ हात धुवा. त्यांना लागूनच खोटे दावे. शेवटी ‘सर्वांना पाठवा’. हात धुण्याच्या ओळीला मान डोलावलेला वाचक पुढच्या ओळीलाही डोलावतो. अशा संदेशातलं आइस्क्रीम टाळून कुणाचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते ‘कोणताही मास्क चालतो’ आणि ‘उन्हाने मरतो’ यावर विसंबून गर्दीत जाण्याने. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये ‘कोंबडी खाल्ल्याने करोना होतो’ या अफवेने राज्यातल्या कुक्कुटपालकांचे भाव कोसळले, ते तर निव्वळ फॉरवर्डच्या जोरावर.

पान सोडून बाहेर पडा

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला. इतिहासाचे प्राध्यापक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि पेशाने तथ्य तपासणारे अशा तिघांना त्यांनी अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. प्राध्यापक आणि विद्यार्थी बऱ्याचदा त्याच पानावर वर-खाली करत राहिले आणि लोगो, भारदस्त नाव, नीटनेटकी मांडणी यांना भुलले. तथ्य तपासणारे मात्र लगेच नवा टॅब उघडून ‘ही संस्था कोण, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात’ ते पाहून आले. त्यांना वेळ कमी लागला आणि उत्तरं जास्त बरोबर आली.

हेच मराठीत करताना काही बारकावे सांभाळावे लागतात. ‘करोना’ आणि ‘कोरोना’ दोन्ही लिहून शोधा, कारण वर्तमानपत्रांची लिहिण्याची पद्धत एक नाही. एखाद्या संस्थेच्याच संकेतस्थळात शोधायचं असेल तर शब्दांपुढे इंग्रजीत ‘साइट’, लगेच कोलन आणि लगेच त्या संस्थेचा वेबपत्ता लिहा, मधे जागा सोडू नका. शोधाच्या ‘टूल्स’मध्ये काळ ठरवता येतो, गेला आठवडा किंवा गेला महिना. आणि शोधताना दावाच टाइप करू नका. ‘कापराने ऑक्सिजन वाढतो’ असं शोधलंत तर तेच म्हणणारी पानं आधी येणार. त्याच्या जोडीला ‘कापूर विषबाधा’ हेही शोधा, मग दुसरी बाजू दिसते.

परिपत्रकाचा फोटो आला तर आधी शेवटचं पान मागा. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध केला आहे आणि त्याचा संकेतांक अमुक आहे. हा लांबलचक आकडा वर्ष, महिना, दिवस या क्रमाने सुरू होतो. तो संकेतस्थळाच्या ‘शासन निर्णय’ विभागात टाकला की मूळ पीडीएफ समोर येते. न आली तर कागद बाजूला ठेवा. आकड्यातली तारीख आणि मजकुरातली तारीख जुळत नसेल तरीही ठेवा. पालिकेच्या आणि विद्यापीठाच्या परिपत्रकांत जावक क्रमांक, दिनांक, सही करणाऱ्याचं पद आणि संकेतस्थळावरची प्रत, या चार गोष्टी पाहायच्या.

विज्ञान शाखेच्या मुलांची फसगत वेगळ्या वाटेने होते. ती थेट इंग्रजी शोधनिबंध पाठवतात आणि ‘पेपर आहे’ म्हटलं की ग्रुपवर वाद संपतो. ३१ जानेवारी २०२० ला बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावर एक प्री-प्रिंट, म्हणजे इतर तज्ज्ञांनी अजून न तपासलेला निबंध, आला, त्यात नव्या विषाणूत एचआयव्हीशी जुळणारे तुकडे असल्याचा दावा होता. जगभरच्या तज्ज्ञांनी चुका दाखवल्यावर तो दोन दिवसांत मागे घेतला गेला. २२ मे २०२० ला लॅन्सेटसारख्या नियतकालिकात हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या औषधावरचा मोठा निबंध छापला गेला आणि ४ जूनला मागे घेतला गेला, कारण त्यातल्या आकडेवारीची स्वतंत्र पडताळणी होऊच शकली नाही. आयव्हरमेक्टिन या औषधाचा मोठा फायदा दाखवणारा इजिप्तमधला प्री-प्रिंट जुलै २०२१ मध्ये काढला गेला, तोवर तो आठ महिने कितीतरी चर्चांचा आधार झाला होता. म्हणून शोधनिबंध पाठवण्याआधी पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत त्याचं शीर्षक टाका. मागे घेतलेला असेल तर तिथे ठळक पट्टी दिसते. निबंधाच्या पानावर ‘चेक फॉर अपडेट्स’ असं बटण असतं, तेही दाबा. प्री-प्रिंट असेल तर संदेशात तसं लिहा. आणि ‘सीटीआरआयमध्ये नोंदणी झालेली आहे’ या वाक्याला भुलू नका. ती भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही आहे. तिथे नोंद म्हणजे चाचणी होणार किंवा चालू आहे. औषध लागू पडलं असा त्याचा अर्थ नाही.

आकड्यांत एक सापळा वारंवार येतो. ‘दाखल झालेल्यांपैकी ६४ टक्के लसवंत, मग लस कशाला?’ असं वाचलं की कागद-पेन घ्या. समजा एका वस्तीत १,००० माणसं आहेत, ९०० लस घेतलेली, १०० न घेतलेली. घेतलेल्यांपैकी ९ दाखल झाली, न घेतलेल्यांपैकी ५. एकूण १४ पैकी ९, म्हणजे ६४ टक्के लसवंत. पण धोका? घेतलेल्यांत १०० मागे १, न घेतलेल्यांत १०० मागे ५. ‘किती जणांपैकी?’ हे विचारल्याशिवाय टक्केवारीला हात लावू नये.

घरातली यंत्रं, घरातले रिपोर्ट

ऑक्सिमीटरचा आकडा वाचणं ही साधी गोष्ट वाटते. पाच मिनिटं शांत बसवा. नेलपॉलिश किंवा बोटावरची गडद मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. हात गार असेल तर चोळून गरम करा. तर्जनी किंवा मधलं बोट, हात छातीच्या उंचीवर, हलवायचा नाही. आकडा स्थिरावायला मिनिटभर द्या, आणि पाच सेकंद न बदलता टिकलेला आकडा वेळेसकट लिहा. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, पडद्यावर दोन आकडे असतात, ऑक्सिजनचा आणि नाडीचा, आणि नाडीचे ९८ ऑक्सिजन म्हणून कळवले जातात. दुसरी जास्त घातक: यंत्र समोरून, म्हणजे उलटं वाचलं जातं. ८६ उलटा पाहिला की ९८ दिसतो. एकाला तातडीने रुग्णालयात न्यायला हवं आणि दुसरा ठणठणीत! म्हणून रुग्णाच्या बाजूने उभं राहून वाचा आणि पडद्यावरची इंग्रजी अक्षरं सुलटी आहेत ना ते बघा. बसून आकडा ९४ च्या खाली टिकत असेल तर डॉक्टरांना कळवायचं. दुसऱ्या लाटेत सुचवली गेलेली सहा मिनिटं चालण्याची चाचणी आकडा आधीच कमी असलेल्याने, किंवा दम्याच्या रुग्णाने, करायची नाही. बाकीच्यांचा आकडा चालल्यावर ३ किंवा त्याहून जास्त घसरला तर तोही कळवण्याजोगा बदल आहे. सावळ्या त्वचेवर ही यंत्रं आकडा थोडा जास्त दाखवू शकतात, हेही आता संशोधनातून पुढे आलं आहे. म्हणून आकडा बरा असला आणि माणसाला धाप लागत असली, तर धापेवर विश्वास ठेवा. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणारी फुकटची ॲप डाउनलोड करू नका. आकडा भरवशाचा नसतोच, वर अनोळखी ॲपला कॅमेऱ्याची आणि फाइलींची परवानगी मिळते.

‘सीटी’ हा शब्दही घराघरांत गोंधळ घालून गेला. आरटीपीसीआरची सीटी व्हॅल्यू आणि छातीच्या सीटी स्कॅनचा २५ पैकी स्कोअर या निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत आकडा लहान म्हणजे नमुन्यात विषाणू जास्त, दुसरीत आकडा मोठा म्हणजे फुप्फुसात बाधा जास्त. शिवाय सीटी व्हॅल्यू नमुना कसा घेतला यावरही बदलते. त्या आकड्यावरून आजार किती गंभीर हे ठरवू नये, असं आयसीएमआरने सांगितलं होतं.

कापूर, ओवा, लवंगेची पुरचुंडी हुंगून रक्तातला ऑक्सिजन वाढतो याला पुरावा नाही. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात, लहान मुलांना तर थोडासाही बाधतो. पुरचुंडीपेक्षा पोटावर झोपवण्याने खरोखर मदत होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याची सचित्र पत्रकंच काढली होती. चार-पाच उशा लागतात, जेवणानंतर तासभर करायचं नाही, गरोदरपणात आणि मोठ्या हृदयविकारात करायचं नाही. बेडची वाट पाहताना करायचा हा उपाय आहे, बेडऐवजी नव्हे.

याद्या, नंबर, ‘व्हेरिफाइड’

एप्रिल-मे २०२१ मध्ये विद्यार्थ्यांनी जे केलं त्याला तोड नाही. रात्ररात्र जागून मुलांनी ऑक्सिजन, प्लाझ्मा, बेड यांचे नंबर जमवले, फोन केले, याद्या बनवल्या. ती तळमळ जपण्यासारखी आहे, आणि म्हणूनच त्यात काय चुकत होतं ते स्पष्ट सांगायला हवं.

मुंबईत जून २०२० पासून बेडवाटपाचं काम पालिकेच्या २४ वॉर्डांतल्या वॉर रूमकडे होतं. प्रयोगशाळेचा अहवाल पालिकेकडे जायचा आणि वॉर रूममधून रुग्णाला फोन यायचा. म्हणजे दहा रुग्णालयांना फोन लावण्याआधी रुग्ण कोणत्या वॉर्डात राहतो हे ठाऊक असणं गरजेचं होतं. दादर-माहीम-धारावी जी/उत्तरमध्ये, अंधेरी पश्चिम के/पश्चिममध्ये, कलिना एच/पूर्वमध्ये, मुलुंड टी मध्ये. वॉर्डाचा नंबर लागला नाही तर पालिकेची हेल्पलाइन, १९१६. फोन लावताना हाताशी हवं ते हे: नाव, वय, पत्ता, चाचणीच्या अर्जावरचा (एसआरएफ) क्रमांक, आत्ताचा ऑक्सिजन आणि तो किती वाजता पाहिला, आधीचे आजार, नातेवाइकाचा एक चालू नंबर. ट्विटरवर ‘मुंबई, अर्जंट, बेड’ एवढंच लिहिलेल्या शेकडो पोस्टमधून यातलं काहीच कळायचं नाही.

यादीचं खरं मोल शेवटच्या फोनच्या वेळेत असतं. ‘व्हेरिफाइड’ लिहिलंय पण वेळ नाही, तर तो शब्द पुसून टाका. सिलिंडरचा साठा तासाभरात संपत होता आणि तोच नंबर तीन दिवस फिरत होता. त्या दुकानदाराला शेकडो फोन जायचे आणि ज्याच्याकडे खरोखर साठा आला त्याचाही फोन लागायचा नाही. गूगल शीटमध्ये रकाने असे ठेवा: काय आहे, कुठे, कुणी फोन केला, तारीख आणि वेळ, पलीकडून काय उत्तर आलं, पुन्हा कधी विचारायचं. ठरावीक तासांत पुन्हा फोन झाला नाही तर ओळ यादीतून खाली जाते. संपादनाचा हक्क दोन-तीन जणांनाच द्या, ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय फक्त पाहण्यापुरता ठेवा. नाहीतर कुणीतरी नकळत अख्खा रकाना उडवतो, किंवा जाणूनबुजून आपला नंबर घुसवतो.

घुसवणारे होतेच. आगाऊ पैसे मागायचे आणि फोन बंद करायचा. रेमडेसिविर हे रुग्णालयातच, शिरेतून द्यायचं इंजेक्शन आहे, घरपोच पाठवण्याची गोष्टच नव्हे, एवढं माहीत असतं तरी कितीतरी पैसे वाचले असते. पैसे गेलेच तर आता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. व्यवहार जितका ताजा तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

मदत मागताना आणि देताना काय उघड करायचं नाही, हेही या कौशल्यात येतं. आधार कार्डाचा फोटो, पूर्ण रिपोर्ट, घराचा पूर्ण पत्ता जाहीर पोस्टमध्ये नको. आद्याक्षरं, वय, वॉर्ड, गरज, एक नंबर, बस. काम झालं की पोस्ट काढून टाका, नाहीतर माणूस गेल्यावरही घरच्यांना ‘प्लाझ्मा हवाय का’ म्हणून फोन येत राहतात. स्वयंसेवक मुलींनी स्वतःचा नंबर देऊच नये. त्या काळात अशा मुलींना नको त्या फोन-मेसेजचा त्रास झाला. गटाने एक वेगळं सिम ठेवावं. लसीच्या प्रमाणपत्राचा फोटो स्टेटसला लावू नये असा इशारा सरकारच्या सायबर दोस्त खात्याने मे २०२१ मध्ये दिला होता. त्यावर नाव, वय, ओळखपत्राचे शेवटचे चार आकडे, संदर्भ क्रमांक असं सगळं एकत्र असतं. कॉलेजांनीही तेव्हा प्रमाणपत्रं वर्गाच्या ग्रुपवर मागवायला नको होती. दारावर क्यूआर कोड तपासला असता तरी काम झालं असतं.

प्रमाणपत्र तपासणं किती महत्त्वाचं, ते कांदिवलीत दिसलं. ३० मे २०२१ ला एका सोसायटीत सुमारे ३९० जणांनी माणशी १,२६० रुपये देऊन ‘लस’ घेतली. कोविनवरून लगेच संदेश आला नाही, प्रमाणपत्रं निरनिराळ्या रुग्णालयांच्या नावाने आणि वेगवेगळ्या तारखांची आली, तेव्हा रहिवाशांना संशय आला. शहरात अशा बनावट शिबिरांत दोन हजारांहून जास्त माणसं फसली. शिबिर कुणाच्या मान्यतेने आहे हे वॉर्ड कार्यालयात विचारणं, कुपी फोडताना पाहणं, आणि त्याच दिवशी कोविनवर नोंद दिसणं, यातली एक जरी गोष्ट नसती तरी तिथेच थांबायला हवं होतं.

फोनवरून सल्ला देणाऱ्या डॉक्टरांबाबतही तपासायची गोष्ट एकच. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असायलाच हवा. तो वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर शोधता येतो.

घरच्या ग्रुपवर

सगळ्यात अवघड काम इथे असतं. काकांनी पाठवलेला संदेश खोटा आहे हे शोधायला पाच मिनिटं लागतात, ते काकांना सांगायला हिंमत लागते. ‘काका, हे फेक आहे, असलं काही पाठवत जाऊ नका’ असं चारचौघांत लिहिलं की काका दुखावतात आणि संदेश दुसऱ्या ग्रुपवर जातो. आधी त्यांना एकट्याला फोन करा. मग ग्रुपवर असं काहीतरी लिहा: ‘काका, तुम्ही काळजीने पाठवलंत ते कळलं. मी पाहिलं तर युनिसेफने हा संदेश आपला नाही असं सांगितलंय. खाली त्यांच्या पानाचा दुवा देतेय. गरम पाणी प्यायला हरकत नाही, पण मास्क चांगलाच घाला आणि बाबांना उन्हात बसवू नका.’ आधी आपुलकी, मग मूळ दुवा, मग काय करायचं ते. खोटा दावा पुन्हा अक्षरशः लिहू नका, कारण पुढे पाठवताना नेमका तेवढाच भाग कापला जातो.

दुहेरी बाणाची खूण दिसली तर तो संदेश निदान पाच हातांतून पुढे आलेला आहे. एप्रिल २०२० पासून व्हॉट्सॲप असा संदेश एका वेळी एकाच गप्पेत पाठवू देतं. ती अडचण वाटली तर तेवढ्याच वेळात मूळ शोधा. आणि खोटा संदेश तुमच्याच हातून गेला असेल, तर तो नुसता डिलीट करून भागत नाही. ज्यांनी तो वाचला त्यांनी तोवर पुढे पाठवलेला असतो. त्याच ग्रुपवर, त्याच संदेशाला उत्तर म्हणून, दुरुस्ती तारखेसह लिहा आणि ‘ज्यांना पाठवलात त्यांनाही हे पाठवा’ असं सांगा.